शिष्या नसल्याचा जाहीर खुलासा

मला गाण्याच्या क्लासातून काढलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. साल नव्वदच्या आसपासचं. आमची साताऱ्यात पिठाची गिरणी होती. आबा, म्हणजे माझे वडील, माणदेशातून आलेले. माझ्या आजोबांपर्यंत आमच्यात सगळे मेंढरं राखायचे. आबांनी कळप विकून गिरणी घातली, मागं दोन खोल्या बांधल्या आणि मला शाळेत घातलं. शाळेत मी गायचे, आणि मोठ्यानं गायचे. मुख्याध्यापिकाबाईंनी आबांना बोलावून सांगितलं, "मुलीच्या आवाजात दम आहे, कुठंतरी शिकवा." त्या दिवशी आबांनी दुपारीच गिरणी बंद केली, धुतलेला सदरा घातला आणि मला गावातल्या सगळ्यात नावाजलेल्या गुरुजींकडे नेलं.

क्लास एका उंच जिन्यावरच्या खोलीत भरायचा. गुरुजी पन्नाशी ओलांडलेले, नीटनेटके. रागावले तरी त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट आणखी हळू व्हायचा. आम्ही दहा-बारा मुली होतो. मला त्यांनी शेवटच्या रांगेत खिडकीशी बसवलं आणि सात महिने मी तिथंच बसले. सगळ्याजणी एकत्र सरगमचे पलटे म्हणायच्या तेव्हा माझा आवाज त्यांच्यात मिसळायचाच नाही. भातात खडा लागावा तसा वेगळा कळायचा. गुरुजी डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, त्यांना ऐकू येत नाहीये, म्हणून मी आणखी जोर लावायचे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आबा गुरुजींच्या घरचं दळण पोचवायला आणि मला घरी न्यायला आले. आम्ही गात होतो. गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि दाराकडे बघून आबांना म्हणाले, "बरं झालं आलात. हे बघा, हा आवाज गाण्याचा नाही. मेंढरं वळायला ठीक आहे. उद्यापासून पाठवू नका."

चार-पाच मुली हसल्या. बाकीच्या खाली बघत राहिल्या.

आबा दारात पिठाचा डबा घेऊन उभे होते. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "व्हय जी. बरोबर हाय." मग डबा खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

आम्ही जिना उतरलो. आबा काही बोलले नाहीत, मीही नाही. गुरुजींचं बोलणं मला लागलंच, पण खरं लागलं ते आबांचं 'व्हय जी'. माझा बाप, जो पन्नास किलोचं पोतं एका झटक्यात पाठीवर घ्यायचा, तो त्या बारीक आवाजाच्या माणसापुढं मान डोलवून उभा राहिला होता. याची भरपाई मी गुरुजींकडून करून घेणार, असं मी त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठरवलं.

सुरुवातीचा सूड पोरकट होता. महिनाभर मी रोज शाळेतून येताना त्यांच्या खिडकीखाली थांबायचे, जमेल तेवढ्या मोठ्यानं एक तान ओरडायचे आणि पळून जायचे. त्यांनी खिडकी लावून घेतली. एवढ्यावरच ते संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात मामा रजेवर आला. तो फौजेत, त्या वेळी शिलाँगला होता. त्याच्या काळ्या ट्रंकेतून एक गिटार निघाली आणि सात-आठ कॅसेटी. तिकडं घरोघरी हीच गाणी वाजतात, तो म्हणाला. कॅसेटींवर पेनानं लिहिलेली इंग्रजी नावं पुसट झालेली, त्यामुळे कोण गातंय हे मला कधीच कळलं नाही. त्यातल्या एकीवर एक बाई होती. तिचे शब्द मला कळत नव्हते, पण ती गात नव्हती, भांडत होती. मधेच तिचा आवाज फाटायचा आणि ती तो सावरायची नाही, तसाच पुढं रेटायची. तिच्यामागं गिटार अशी वाजत होती की मला आमची गिरणीच आठवली. वरच्या पेटीतलं धान्य संपलं आणि दोन दगड एकमेकांवर कोरडे घासले की असाच आवाज निघतो. आबा धावत येऊन पट्टा काढतात, कारण दगड खराब होतात. इथं तर कुणी मुद्दाम तो आवाज काढत होतं, आणि लोक पैसे देऊन ऐकत होते!

मी ती कॅसेट पंधरा दिवसांत इतकी वाजवली की फीत टेपमध्ये गुंतली. मामानं ती पेन्सिलीनं गुंडाळून दिली. जाताना गिटार माझ्याकडंच ठेवली.

"वाजवायला कोन शिकवनार?" मी विचारलं.

"कोनी न्हाई," मामा म्हणाला. "तिकडं पोरं ऐकून ऐकून शिकत्यात."

मला तेच हवं होतं. पुन्हा कुणापुढं शेवटच्या रांगेत बसायचं नव्हतं. मी गिरणीच्या मागच्या खोलीत बसून शिकले. आबा दगडांना टाकी मारायला बसले की छिन्नीचा ठोका पडायचा, त्यावर मी हात चालवायचे. बोटांना घट्टे पडले. तेव्हा माझी महत्त्वाकांक्षा काय होती ते आज सांगायला लाज वाटत नाही. मला पुण्या-मुंबईला जायचं नव्हतं, नाव छापून यायला नको होतं. मला साताऱ्यातच, त्या खिडकीसमोर, इतकं मोठं वाजवायचं होतं की गुरुजींच्या खोलीतल्या तानपुऱ्याच्या तारा कुणी हात न लावता थरथराव्यात. रोज सरावाला बसताना मी त्यांचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा समोर आणायचे. तो आला की हात आपोआप जोरात पडायचा.

कॉलेजला मी सांगलीला गेले. तिथं मला वाजवायला एक जोडीदार मिळाला, इंजिनिअरिंगचा मुलगा, कडेगावचा. लहानपणापासून गावच्या मोहरमात ताशा वाजवलेला. त्यानं कॉलेजच्या स्टोअरमधला एक जुना ड्रम मागून आणला होता आणि तो ताशासारखाच वाजवायचा, भरभर, काड्या मोडेपर्यंत. आम्हाला तिसरं कुणी मिळालं नाही. तालमीला जागा दिली ती एका मंडपवाल्यानं, त्याच्या गोदामात, रविवारी दुपारी. त्याच्याकडं एक मोठा स्पीकर होता. गणपतीच्या मिरवणुकीत आपटून त्याचा कागद फाटला होता, म्हणून टाकून दिलेला. मी गिटारला माईक बांधून ती मंडपवाल्याच्या अॅम्प्लिफायरवरून त्याला जोडली आणि पहिली तार छेडली. कोरड्या दगडांचा आवाज आला, अगदी तोच.

जोडीदारानं काड्या खाली ठेवल्या. "दुरुस्त करायला लागंल ह्यो," तो म्हणाला.

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

त्या स्पीकरवर आम्ही वर्षभरात आठ गाणी केली. मराठीतली, आमच्या बोलीतली. ऊस तोडायला आलेल्या बायकांवर एक, हॉस्टेलच्या रेक्टरबाईंवर एक. पण सगळी गाणी मी एका गाण्यासाठी हात बसावा म्हणून करत होते, आणि ते गाणं गुरुजींचं होतं.

*हा आवाज गाण्याचा नाही*
*हा आवाज घराण्याचा नाही*
*दाबून बघ, मिटून बघ डोळे*
*हा आवाज बसण्याचा नाही*

मधे गुरुजींचं वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं. "मेंढरं वळायला ठीक आहे. उद्यापासून पाठवू नका." ते मी त्यांच्यासारखं हळू, मऊ आवाजात म्हणायचे. आणि शेवटी शब्द संपले की फक्त हाळी. माझी आत्या म्हसवडच्या बाजूला माळावर मेंढरं फिरवायची. ती एका टेकडीवरून हाळी द्यायची आणि पलीकडच्या उतारावरचा कळप तोंड फिरवायचा. लहानपणी मी ते बघितलं होतं. ती हाळी मी गाण्याच्या शेवटी घेतली, लांब, एका दमात.

शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजच्या एका समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून साताऱ्याचे गुरुजी येणार असं कळलं. मी विद्यार्थी प्रतिनिधीच्या मागं लागून आमचं नाव कार्यक्रमात घालून घेतलं. जोडीदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी वळखलं तर?"

"वळखायलाच पायजे," मी म्हणाले. "त्यासाठीच तर."

सकाळी अकराचा कार्यक्रम होता. गुरुजी पहिल्या रांगेत, गळ्यात हार. केस पांढरे झाले होते. मी माईकसमोर उभी राहिले आणि त्यांच्याकडे बघूनच सुरुवात केली. पोरं आधी हसली, मग शिट्ट्या मारायला लागली, मग खुर्च्यांवर ठेका धरला. त्यांचं वाक्य आलं तेव्हा मी एक पाऊल पुढं गेले आणि ते त्यांच्या तोंडावर म्हटलं. माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलली नाही. मला तिथं काहीतरी पडलेलं, मोडलेलं बघायचं होतं. गुरुजी मान डोलवत होते. हाळीच्या वेळी तर त्यांनी डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले.

मग ते भाषणाला उठले. म्हणाले, "आत्ता जी मुलगी गायली, ती माझी विद्यार्थिनी आहे बरं का. साताऱ्याची. माझ्याकडे शिकत होती. प्रकार निराळा आहे, आम्हाला रुचेल असा नाही. पण आवाजाचा पाया पक्का असला की माणूस काहीही गाऊ शकतो, ते तुम्ही पाहिलंत."

टाळ्या झाल्या. त्यांना मी आठवत होते, पण स्वतःचं वाक्य आठवत नव्हतं. पाच वर्षं मी जे वाक्य रोज तोंडात घोळवलं होतं ते त्यांनी एकदा बोलून टाकून दिलं होतं. प्राचार्यांनी मला खूण केली, ये, गुरूंच्या पाया पड. आणि मी पडले. शंभर डोळे बघत होते, पाठ आपोआप वाकली. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, मऊ, हलका. "मोठी हो," म्हणाले.

बाहेर जोडीदार ड्रमचे स्क्रू सोडवत होता. "अगं, तू पाया पडलीस?" त्यानं विचारलं. मी त्याला शिवी दिली. मग मंडपवाल्याचा फाटका स्पीकर टेम्पोत चढवताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना.

आता रागाला नवं कारण मिळालं होतं. आधी त्यांनी मला घालवलं होतं, आता माझं गाणं घेऊन गेले होते. आम्ही ठरवलं, कॅसेट काढायची. सांगलीतला एक कॅसेटवाला म्हणाला, "बाई, आवाज आहे तर देवीची गाणी करा, नवरात्रात खपतील." आम्ही स्वतःच काढली. मिरजेत भजनं रेकॉर्ड करायची एक खोली होती, तिथं दोन दिवसांत आठ गाणी झाली. रेकॉर्डिंग करणारा म्हातारा प्रत्येक गाण्यानंतर विचारायचा, "स्पीकर फाटलाय ते चालंल ना?" कॅसेटच्या आतल्या कागदावर मी एकच ओळ लिहिली: 'या गाण्यांना कोणीही गुरू नाहीत.' दोन-तीनशे कॅसेटी काढल्या. कॉलेजच्या पोरांनी घेतल्या, इस्लामपूर, कराडच्या पोरांनी पत्रं पाठवून मागवल्या, आणि उरलेल्या आमच्या गिरणीत दळणाच्या डब्यांशेजारी मांडल्या. पीठ न्यायला आलेल्या बायका उचलून बघायच्या आणि मला विचारायच्या, "ही तूच का गं?" गावोगावच्या गणेश मंडळांपुढं आम्ही वाजवायला लागलो. कुठं लोक नाचले, कुठं माईक काढून घेतला.

दशक संपत आलं तेव्हा गुरुजींच्या सत्काराची एक गौरविका निघाली. मामीनं ती कुठूनतरी आणली. त्यात 'शिष्यपरिवार' अशी यादी होती, आणि तिच्यात माझं नाव. नावापुढं कंसात लिहिलेलं, 'पाश्चात्त्य संगीतात कीर्ती'.

मी वृत्तपत्राला पत्र लिहिलं. छापलं नाही. दुसरं लिहिलं. तेही नाही. मग माझ्या लक्षात आलं की पेपरात रोज जाहिरातींच्या पानावर खुलासे छापून येतात. कुणाची मालमत्ता कुणाची नाही, कुणाशी कुणाचा संबंध उरलेला नाही, त्याला कुणी अडवत नाही. मी बसून मजकूर लिहिला: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की सदर गुरुजींकडे मी सात महिने शेवटच्या रांगेत बसून होते. त्यानंतर त्यांनी मला काढून टाकले. माझ्या गाण्याशी त्यांचा कोणताही संबंध नाही व पुढेही राहणार नाही. मी त्यांची शिष्या नाही.'

तो कागद घेऊन मी आबांकडे गेले. ते दगडाला टाकी मारत बसले होते. मी वाचून दाखवला.

"कशाला गं?" आबा म्हणाले. "म्हातारा मानूस हाय."

तेव्हा इतक्या वर्षांचं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "आबा, त्या दिवशी तुम्ही 'व्हय जी' का म्हणालात? तो माणूस तुमच्यासमोर मला मेंढरं वळायला ठीक म्हणाला, आणि तुम्ही हात जोडलेत!"

आबांनी छिन्नी खाली ठेवली. त्यांना खरंच कळेना मी काय विचारतेय.

"मग काय म्हनायला पायजे हुतं?" ते म्हणाले. "त्यो म्हनला, ह्यो आवाज गान्याचा न्हाई, मेंढरं वळायचा हाय. मी म्हनलं, मानसाला कान हाय. बरोबर वळखलं. आगं, मेंढरं वळायचा आवाज कुनालाबी असतोय व्हय? माझ्या आईला न्हवता. मलाबी न्हाई. आमच्यात तुझ्या आत्याला हुता, आन तुला. गानं काय, खोलीत बसून कुनीबी म्हनंल."

मी तिथंच पोत्यावर बसले. नऊ वर्षं मी आबांचा अपमान डोक्यावर घेऊन फिरत होते आणि आबांचा अपमान झालाच नव्हता. जिना उतरताना ते गप्प होते ते समाधानानं. मी हसू की रडू मला कळेना. माझा अर्धा राग त्यांच्यासाठीचा होता. तो आता कुठं ठेवायचा?

पण उरलेला अर्धा माझा होता. चार-पाच मुली हसल्या होत्या त्या मला हसल्या होत्या, आणि गुरुजींनी ते कौतुक म्हणून म्हटलं नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी जाऊन जाहिरात दिली.

रविवारी छापून आली, हरवलेल्या गुणपत्रिका आणि बदललेली नावं यांच्या मधोमध. साताऱ्यात दोन दिवस तीच चर्चा. गिरणीत एक निवृत्त मास्तर आबांना म्हणाले, "मुलीनं बरं केलं नाही." आबा म्हणाले, "तुमचं दळान झालंय, न्या." गुरुजींकडून काही आलं नाही. ना पत्र, ना निरोप. मी वाट बघत होते, हे कबूल करते. त्यांनी चिडावं, भांडावं अशी माझी फार इच्छा होती. ऐकलं की ते नेहमीसारखे क्लास घेत होते. तरीही मला आनंद झाला, आणि तो आनंद खोटा नव्हता. आठवडाभर मी शीळ घालत फिरत होते.

दहा-बारा दिवसांनी कराडहून एक बाई आल्या. पंचेचाळीशीच्या, पोस्टात नोकरीला. पर्समधून त्यांनी जाहिरातीचं कात्रण काढलं.

"तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. "मलाही काढलं होतं. तुमच्या कितीतरी आधी. मला म्हणाले होते, तुम्ही भरतकाम शिका."

"मग तुम्ही काय केलं?"

"भरतकाम शिकले," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी पदर सारखा केला. "त्यानंतर कुणासमोर गायले नाही. तुमची कॅसेट माझ्या मुलानं आणली होती. मला एकदा तुमच्याबरोबर गायचंय. जमेल का?"

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. गिटार काढली, सूर दिला. त्या डोळे मिटून गायल्या. मी फार आशेनं ऐकत होते. मला वाटत होतं, आता एक असा आवाज निघेल की गुरुजींविरुद्ध आणखी एक पुरावा हातात येईल.

त्यांचा सूर लागत नव्हता. अजिबात नाही. एक कडवं झालं, दुसरं झालं, एकही जागा ठिकाणावर नव्हती. आणि माझ्या जिभेवर एक वाक्य आलं. हळू, मऊ, नेमकं वाक्य. ते इतकं तयार होतं की मीच घाबरले.

बाईंनी डोळे उघडले. "कसं झालं?"

"सूर सुटतोय," मी म्हणाले. "पण आमच्या गाण्यात सूर सुटलेल्या बऱ्याच जागा आहेत. रविवारी दुपारी तालीम असते, येता येईल?"

"येईन की," त्या म्हणाल्या, आणि कात्रण परत पर्समध्ये ठेवून एसटी गाठायला निघाल्या.